वायर निघाली

प्रिस्का बाय,

जेवले मी. कोणी विचारलं नाही, तरी सांगते. पापडीहून तुझी अँजेला मावशी कालवण घेऊन आली होती.

तुझ्या बापाच्या छातीला वायरी लावल्यात. वरची मशीन ओरडली की इथली नर्स येते, बटण दाबते आणि म्हणते, "काही नाही मावशी, वायर निघाली." दरवेळी वायर कशी निघेल? तिकडे दुबईत तुझंही हेच काम, परक्यांच्या काळजाच्या रेघा बघायचं. म्हणून काल फोन मशीनसमोर धरला. म्हटलं, घरची नर्स खरं सांगेल.

तू बघितलंस. मग विचारलंस, "आई, फादरना बोलावलंस का?"

फादर आजाऱ्याकडे शेवटचं तेल लावायला कधी येतात, ते मला शिकवू नको. ते दारात दिसले की तुझा बाप लगेच समजेल. कितीजणांकडे त्यानेच त्यांना स्कूटरवरून नेलंय. सकाळी डोळे उघडून तुलाच विचारत होता.

तूही म्हणायचंस ना, वायर निघाली.

फादरना बोलावणार नाही. फोनही परत धरणार नाही. ही चिठ्ठी त्याच्या उशीखाली राहील, पाठवत नाही. यापुढे तू मला काही सांगायचं नाहीस.

तुझी आई,
हिल्डा