जपानला निघण्यापूर्वी उभ्याने लिहिलेले मृत्युपत्र

मी, शर्मिष्ठा वादिराज राव, वय एकसष्ट, निवृत्त ड्राफ्ट्समन (बाई असूनही सरकारदरबारी शेवटपर्यंत तसेच लिहिले गेले), राहणार पश्चिम तांबरम, चेन्नई, हे शुद्धीत, राजीखुशीने आणि उभ्याने लिहीत आहे. उभ्याने, कारण कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या हाडात कर्करोगाची गाठ आहे आणि मला दहा मिनिटेही बसवत नाही. ड्रॉइंग बोर्ड खिडकीशी लावला आहे. दोन ओळी लिहिते, दारापर्यंत जाऊन येते, पुन्हा लिहिते. अक्षर वाकडे आले तर डोके फिरले असे समजू नये. कळ आली होती, एवढेच.

परवा, शनिवारी, मी आणि मुलगी ऊर्मी जपानला निघतो. इथले सर्जन हाड कापा म्हणतात. मग लघवी-शौचावरचा ताबा जाणार, चालणेही बहुधा जाणार. तिकडे कार्बनच्या किरणांचा उपचार आहे. कार्बनचे कण भल्यामोठ्या यंत्रात गरगर फिरवून शरीरात सोडतात. ते ठरवलेल्या खोलीवर सगळा जोर ओततात आणि तिथेच थांबतात. रेघ नेमकी कुठे थांबवायची यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे मला हे चटकन पटले. मात्र गाठ आणि आतडे यांच्यात थोडी जागा लागते. जुलैत ती नऊ मिलिमीटर होती. गेल्या आठवड्यात पाच भरली. आल्यावर पुन्हा तपासू, मगच उपचाराला घ्यायचे की नाही ते सांगू, असे तिथल्या डॉक्टरांचे पत्र आहे. म्हणजे तसेच परतही यावे लागेल. जाऊ दे. कलमे लिहिते.

१. घर माझ्या नावावर आहे. माझे पती वादिराज यांनी हयातभर त्यात राहावे, त्यांच्यानंतर ते ऊर्मीचे. "एकटे काय करणार" म्हणत त्यांना कोणी हलवू नये. त्यांना सकाळच्या कॉफीचा डिकॉक्शन स्वतः करता येतो, बाकी काहीही येत नाही, पण घर ओळखीचे आहे.

२. पोस्टातली ठेव ऊर्मीची. इरुंगाट्टुकोट्टैला ती ज्या कारखान्यात इंजिनिअर आहे, तिथल्या जपानी साहेबांच्या मागे लागून तिने माझे सगळे रिपोर्ट त्यांच्या भाषेत करून घेतले. पोरगी हट्टी आहे. माझ्यावर गेली.

३. माझी नणंद भवानी हिला पुरणयंत्र. मी मिरजेहून लग्न होऊन इकडे तंजावरी मराठी घरात आले, तेव्हा पहिल्याच सणाला "हिचं पुरण भरड" म्हणाली होती. सदतीस वर्षे झाली. आता तिने स्वतः वाटून पाहावे.

४. बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईची पेने तांबरमच्या ज्या पॉलिटेक्निकमध्ये मुली शिकत असतील तिथे. माझ्या ड्रॉइंगवर आपली सही ठोकून बढती घेणाऱ्या साहेबांना काहीही नाही. ते वारले. तरीही काहीही नाही.

५. तिकडे काही झाले तर तिकडेच उरका. मला पेटीत घालून विमानाने आणत बसू नका.

६. हे कलम लिहायला सकाळपासून घरात येरझारा घालते आहे.

आमच्या घरात दोन पंचांगे. ह्यांचे तमिळ, माझे मिरजेचे. पत्र आले, तिघांचे व्हिसे झाले, तोवर आडी लागला. आडी म्हणजे इकडचा तमिळ महिना, त्यात शुभ काही करत नाहीत, कोणी नव्या कामाला निघत नाही. आडी संपला तर घरी गणपती. गणपती गेले तर पितृपक्ष, तो अजून चालू आहे. दोन महिन्यांत चार मिलिमीटर गेले. ऊर्मी म्हणते, अप्पांच्या पंचांगाने आईचा घास घेतला. महिना झाला, ती वडिलांशी बोलत नाही. सोबत ती जाणार, अप्पांनी यायचे नाही, असेही तिनेच ठरवले.

हे खोटे आहे. आडीच्या तिसऱ्याच दिवशी वादिराज एग्मोरच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून विमानाची दोन तिकिटे घेऊन आले होते. म्हणाले, "आडी असूं दे. भवानीला मी सांगतो. तू चल." आणि जिने सदतीस वर्षे त्यांच्या पंचांगाची टिंगल केली, तीच मी म्हणाले, "आडीत निघायचं नाही." त्यांनी तिकिटे परत केली. ऊर्मीने विचारले तेव्हा मी म्हटले, "अप्पांना विचार." ते म्हणाले, "हो, मीच नको म्हटलं."

मला भीती वाटली होती. तिकडे अंगाचा साचा करतात, त्यात जखडून ठेवतात, माणसे बाहेर जातात, दार लागते. शिवाय जोवर गेले नाही, तोवर तिथला नकारही आला नव्हता. नंतर आणखी दोनदा त्यांनी विचारले. दोन्ही वेळा मी तिथी पुढे केली. अहो, चुकले माझे. फार चुकले.

हे माझ्यानंतर वाचावे, असे लिहिणार होते. पण मग तोवर वादिराज माझे खोटे गप्प बसून वाहणार, आणि मी जगले तर आणखी वीस वर्षे वाहणार. ते काही नाही. सह्या होण्यापूर्वी दोघांना आत बोलावून हे कलम मी मोठ्याने वाचते.

७. वाचले. वादिराज म्हणाले, "हे कशाला लिहिलंस?" ऊर्मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "अप्पा, तुमचा पासपोर्ट कुठाय? माझ्या जागी तुम्ही जा. ट्रॅव्हल्सवाल्याला मी आत्ता फोन करते." माझ्याकडे तिने पाहिले नाही, जाताना दार आपटून गेली. आता ती माझ्याशी बोलत नाही, वडिलांशी बोलते. हे मला चालेल.

माझ्या समक्ष व परस्परांसमक्ष सह्या करणारे साक्षीदार:
गुरुमूर्ती, वकील (अक्षर वाकडे असले तरी बुद्धी शाबूत असल्याची खात्री केली)
लावण्या, शिक्षिका, खालचा मजला

शर्मिष्ठा वादिराज राव
पश्चिम तांबरम, चेन्नई
गुरुवार, १४ सप्टेंबर २००६