भिंतीच्या दोन्ही बाजूंना

४ जून

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नको असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे तू उठसूट चढत असशील, हे मी इथे बसून सांगतो.

मुलांसाठी लिहितोय ते मुंग्यांचं पुस्तक अडलंय. शाळेत जीवशास्त्र शिकवताना बोलता बोलता फळा भरायचा. निवृत्तीनंतर पुस्तकंही एकामागून एक होत गेली. आता टाइपरायटरवर वाक्य सुरू करतो आणि अर्ध्यावर ते कुठे जातं, कळत नाही. घरात अगदी चिडीचूप असतं. ही सकाळी मैत्रिणीकडे जायला लागल्यापासून तर टाचणी पडली तरी ऐकू येईल. तरी लक्ष म्हणून लागत नाही.

उपाय म्हणून चिरंजीवांनी इयरफोन आणून दिले. संगीत ऐकत लिहिलं की एकाग्रता वाढते म्हणे. गाणी लावली तर त्यातले शब्द बोटांत उतरतात. परवा कामकरी मुंगीला मी चक्क ‘सजणी’ लिहून ठेवलं. मग बिनशब्दांचं लावलं, बासरी, पियानो, व्हायोलिनसुद्धा. ते लोक इतकं सुंदर वाजवतात की मी नुसता ऐकत बसतो आणि कागद कोराच राहतो.

हसू नकोस, ताई. बाबांचं याच वयात सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं. मला फार भीती वाटते. पुस्तक दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या, असं प्रकाशकांना कळवून टाकावं म्हणतो. हिला यातलं काही बोललो नाही, तूही बोलू नकोस. उगीच जिवाला घोर लावून घेईल.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो तसाच राहो.

तुझा,
मास्तर

१० जून

चि. मास्तर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुंगीची सजणी झाल्याचं ऐकून तुझे भावोजी इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. शेवटचा परिच्छेद मात्र मी त्यांना वाचून दाखवला नाही. एकटीनेच दोनदा वाचला.

बाबांचं मी जवळून पाहिलंय. आपलं काही हरवलंय, हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं. तू तर हरवलेल्या वाक्याच्या नावाने गळा काढतोयस. तरीही डॉक्टरांना दाखवून ये. असली धाकधूक मनात कुजत ठेवू नये. आणि कानातलं ते खेळणं आधी काढ. लहानपणी तू रेडिओ लावून गणितं सोडवायचास, तेव्हा गाणी पाठ व्हायची आणि उत्तरं चुकायची. मूळ स्वभाव जाईना, दुसरं काय!

माझं पुढचं पत्र येईपर्यंत प्रकाशकांना अवाक्षर कळवायचं नाही. मोठ्या बहिणीचा हुकूम समज.

जिना मी चढतेच आहे. तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, हे पत्रापत्रातून सांगायला लावू नकोस.

तुझी,
ताई

१९ जून

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांना आलं, ते पाकिटावरच्या अक्षरावरून ओळखलं. आत काय होतं ते यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हल्ली हे गप्प गप्प असतात. गुडघ्याला शेक देताय ना?

माझं व्हायोलिन रुसलंय, ताई. ऑगस्टमध्ये आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम आहे. त्यात एक तुकडा मला एकटीला वाजवायचाय. सराव आता घरी करत नाही. एका सकाळी एक अवघड जागा घोटत होते, तीच ती, पुन्हा पुन्हा. पाणी प्यायला बाहेर आले, तर हे दोन्ही हातांनी डोकं गच्च दाबून बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं शेजारच्या खोलीतली माझी किरकिर सोसली या माणसाने, आणि एका शब्दाने बोलला नाही! मैत्रिणीच्या चष्म्याच्या दुकानामागे सामानाची खोली आहे, फ्रेमच्या खोक्यांनी भरलेली. दुसऱ्याच दिवसापासून तिथे जाऊ लागले. पुढे मुलाने इयरफोन आणले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

पण तिथे हात चालत नाही. एक गंमत सांगते, यांना सांगू नका, हसतील. घरी वाजवताना भिंतीपलीकडून टाइपरायटरची टकटक यायची. ती थांबली की मी समजायचे, गाडी अडली. मग पुढे न जाता एखादी संथ जागा धरायची आणि टकटक सुरू होईपर्यंत तीच घोळवत राहायची. दुकानामागे मी कोणासाठी थांबू? सगळं धाडधाड वाजवून मोकळी होते, आणि त्यात जीव नसतो. माझ्या जागी दुसरी कोणी बघा, असं संचालकांना सांगणार आहे. वय झालं, झालं.

पाऊल जपून टाका. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

तुमची,
चिमणी

२५ जून

चि. सौ. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मास्तरचं आधीचं पत्र त्याच्या शेजारी ठेवलं, आणि दोन्ही आळीपाळीने पुन्हा वाचली. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे जगजाहीर आहे. तुम्हा दोघांच्या घरात मी महिना महिना राहिले आहे. एका खोलीत टकटक, दुसऱ्या खोलीत कुंईकुंई, आणि मी बाहेरच्या खोलीत कानांत कापूस घालून! आपल्या आजूबाजूला काय चाललंय, याची मला गंधवार्ता नव्हती.

येत्या सोमवारी दुकानात जाऊ नकोस. आपल्या खोलीत दार लावून बस आणि तीच अवघड जागा घोट, चुकत माकत. त्याने डोकं का धरलं होतं, ते मला ठाऊक आहे. तुझ्या वाजवण्यामुळे नव्हे, एवढंच सांगते. बाकीचं त्याचं त्याला सांगू दे, मी गप्प राहायचं कबूल केलंय. संचालकांशी काय बोलायचं ते सोमवारनंतर बोल.

त्यालाही चिठ्ठी टाकतेय: सोमवारी कान मोकळे ठेवून टेबलाशी बस. कारण विचारू नकोस.

माझी माया कमी व्हायला मी काय सावकार आहे?

तुझी,
ताई

६ जुलै

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वयाच्या मानाने सगळं ठीक आहे म्हणाले. पण हे पत्र त्यासाठी नाही.

सोमवारी तुझ्या हुकमाप्रमाणे बसलो. पलीकडे व्हायोलिन सुरू झालं. ही अवघड जागेशी आली, चुकली, थांबली, मागे गेली. आणि ताई, माझ्या हाताने कागद मागे फिरवला, वाक्यावर फुल्या मारल्या आणि ते नव्याने लिहिलं. ती पुन्हा चुकली, मी पुन्हा खोडलं. तिला जमलं तेव्हा माझंही वाक्य जागेवर बसलं होतं. इयरफोनमधले ते थोर वादक कधी चुकत नाहीत, मागे वळत नाहीत. त्यांच्याबरोबर मी मागे वळणार तरी कसा? आणि मी बापडा समजत होतो की कामात माझं इतकं लक्ष असतं, मला व्हायोलिन ऐकूसुद्धा येत नाही!

त्या धक्क्यात हात थांबले, तसं पलीकडचं वाजवणं बदललं. संथ झालं. एकच जागा, पुन्हा पुन्हा, कोणीतरी दारात वाट बघत उभं असावं तशी. मी एक अक्षर टाइप केलं, दुसरं केलं. ती पुढे निघाली. थांबलो, तीही थांबली. योगायोग असेल म्हणून परत करून पाहिलं, आणि समोरचा कागद दिसेनासा झाला.

उठून दार उघडलं. बाबांचं, माझ्या भीतीचं, आणि तिने विचारल्यावर त्या दिवशी डोकं का धरून बसलो होतो तेही, सगळं सांगितलं. तिने व्हायोलिनचा गज खाली ठेवला आणि मला चांगलंच फैलावर घेतलं. एकट्याने झुरायला मी काय परकी आहे, असं विचारलं. मग ती रडली, मग मी. ताई, एकाच छपराखाली इतकी वर्षं काढली, आणि ती माझ्यासाठी थांबत होती हे मला माहीत नव्हतं. कार्यक्रमात ती वाजवणार आहे. प्रकाशकांना कळवायचं काही उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीचं ऐक. दोघं आपापल्या जागी बसलो आणि काही म्हणता काही होईना. मी तिची वाट बघतोय, ती माझी. भिंतीपलीकडून आधी हसू फुटलं, मग मलाही आवरेना. त्यानंतर सुरुवात कोणी केली, यावरून जेवताना आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणते टाइपरायटर आधी वाजला, मी म्हणतो व्हायोलिन. खरं सांगू? मला आठवत नाही. आणि ‘आठवत नाही’ हे शब्द लिहिताना माझा हात जरासुद्धा कापला नाही.

आम्हा दोघांना तुझ्या मायेत असंच सामावून घे.

तुझा,
मास्तर