आमेनच्या आधी

१२ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. नळजोडणीच्या कामाला तू गावोगाव भटकतोस, म्हणून पत्र तुझ्या गोदामाच्या पत्त्यावर टाकते आहे.

लाँड्री जोरात चालली आहे. हॉटेलच्या चादरींना इस्त्री करून खांदा भरून आलाय. पण खरं दुखणं वेगळंच आहे. हल्ली संध्याकाळची प्रार्थना लागत नाही. बाबांच्या पद्धतीनं मी मोठ्यापासून लहानापर्यंत घरातल्यांची नावं घेते. तुझे भाऊजी झाले, तू झालास, की चिमणीचा नंबर. तिनं त्या देव न मानणाऱ्या वायरमनशी परस्पर लग्न उरकलं, तेव्हापासून मी पोटच्या पोरीचं नाव गाळते. गाळलं की अडखळते आणि पुढे नुसतं तोंड हलत राहतं. प्रभू ऐकतोय असं वाटतच नाही. पाळकसाहेब म्हणाले, उपास करा. केला. नुसती भूक लागली.

काही सुचलं तर कळव. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी ताई

२० जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो. शेजाऱ्याच्या कुत्र्याला खरूज झाली, तेव्हा तू त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढून प्रार्थना केलीस. कुत्रं चालतं आणि चिमणी चालत नाही? प्रभू कसल्या कसल्या लोकांबरोबर जेवायला बसायचा, आठव जरा. त्यातल्या अर्ध्यांना तू लाँड्रीच्या पायरीवरूनच पिटाळलं असतंस. त्याला धरून राहायचं आणि त्याच्या माणसांना दार लावायचं, हे जमत नाही गं. तू गाळतेस तेच नाव त्याला ऐकायचं असेल.

मी चिमणीकडे जाऊन आलो. नवरा देव मानत नाही, पण तिच्या हातचं जेवून वर कौतुकही करतो. इतकं धैर्य आपल्या घरात कुणातच नव्हतं. रविवारी दोघं तुझ्याकडे येतील. हाकलायचं तर तूच हाकल.

रागावलीस तरी लोभ पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

३० जून

चि. धाकट्यास,

अ. आ.

मेल्या, त्यांना वेळ तरी धड सांगायचीस! ऐन प्रार्थनेत दाराची कडी वाजली. आमेन झाल्याशिवाय दार उघडायचं नाही हा घरचा नियम, आणि माझं आमेन किती लांब असतं ते तुला ठाऊक आहे. तुझ्या भाऊजींनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. बाहेर चिमणी नवऱ्याला हळूच सांगत होती, की आई प्रार्थनेला बसली आहे; आपण तिच्या प्रार्थनेत नसलो तरी थांबायचं.

मला राहवलं नाही रे. चिमणीचं नाव घेतलं आणि अडखळणं थांबलं. प्रभू इतका जवळ होता, की मला त्याचीच लाज वाटली. मग जावयाचं नाव घ्यायला गेले, तर ते मला माहीतच नव्हतं! डोळे मिटलेलेच ठेवून मी दाराकडे तोंड केलं आणि ओरडून विचारलं. त्यानं बाहेरून सांगितलं. तेही घेतलं, आमेन म्हटलं आणि कडी काढली.

घरी ये, आणि आहे तसाच लाडका राहा.

तुझी ताई