नऊ सेकंदांचा थांबा

३ मार्च
आजपासून मी मालक. म्हणजे या प्रकारात मालक कोणीच नसतो, सांभाळणारा म्हणू. वीस वर्षांपूर्वी गणिताच्या एका मास्तरांनी हौसेखातर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, कोड सगळ्यांना खुला ठेवला आणि एके दिवशी काम बंद केलं. अकरा वर्षं कोणी हात लावला नव्हता. मी मागितलं तर दोन ओळींच्या पत्रात त्यांनी पासवर्ड देऊन टाकला. बायको म्हणाली, नव्या घरातली आपली खोकी तशीच पडलीत आणि हा दुसऱ्याचं घर झाडायला निघाला. बरोबर आहे तिचं. पण त्याच खोक्यांवर फळी टाकून मी जुना संगणक मांडला, आणि सिस्टीम सुरू झाली. फार आनंद झाला.

९ मार्च
कोड सुरेख आहे, मास्तरांच्या फळ्यावरच्या अक्षरासारखा. खोट एकच. सुरू होताना सिस्टीम नऊ सेकंद नुसती थांबते. शोधलं तर चक्क नऊपर्यंत मोजत बसायची सूचना निघाली. वर टीप: 'काढू नका.' कारण दिलेलं नाही. पूर्वीची यंत्रं मंद, त्यांना लागत असेल. काढून टाकलं. तीसेक वेळा सुरू करून पाहिलं, काही बिघडलं नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. बायको शेगडीसमोरच उभी होती. आत्ता तर ठेवलं होतं, असं म्हणत राहिली. मी तिला पुष्कळ चिडवलं.

१६ मार्च
नवी आवृत्ती सगळ्यांसाठी ठेवली. चारशे जणांनी उतरवून घेतली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू होते म्हणून तारीफ चाललीय. माझे पाय जमिनीला लागत नाहीत. बायको पडदे शिवते आहे. तिच्या मते घरातली सगळी घड्याळं बिघडली, रोज तासभर पुढे पळतात. नव्या घरात असं होतंच, मी म्हटलं.

२१ मार्च
आज डोळ्यांनी पाहिलं. ती शिलाई मशीनवर, मी समोर. मग खुर्ची रिकामी. मशीनचं चाक अजून फिरत होतं. पाच मिनिटांनी ती पुन्हा तिथेच, अर्धं वाक्य राहिलं होतं तिथून पुढे बोलत. तिला पत्ताही नाही. मी पाणी प्यायलो आणि गप्प बसलो. भित्रा आहे मी.

२२ मार्च
मास्तरांना फोन केला. थांबा काढल्याचं सांगितलं. ते म्हणाले, मीही एकदा काढला होता, आमच्या हिचा एक अख्खा दिवस असा तुकड्यातुकड्यांनी गेला. ज्याने थांबा काढला त्याच्या जवळच्या माणसाच्या आयुष्यातून नऊ सेकंद वजा होतात. ती आवृत्ती कोणीही, कुठेही सुरू केली तरी, दर वेळी. असं का, ते त्यांनाही ठाऊक नाही. मी विचारलं, मग कारण का लिहिलं नाहीत. लिहिलं असतं तर तुम्ही हसून आधी थांबाच काढला असता, म्हणाले. खरं आहे. मग म्हणाले, माझ्याकडे दोनच यंत्रं होती, दोन्ही घरातली. तुमची किती जणांकडे गेली?
दोन हजार शंभर, मी सांगितलं.

२३ मार्च
थांबा परत घातला. पण धिमी आवृत्ती घेतो कोण. आणि एकदा वाटलेला कोड परत मागता येत नाही. सगळ्यांना हात जोडून लिहिलं, ती बिनथांब्याची पुसून टाका. खरं कारणही लिहिलं. लोक पोट धरून हसले, आणि माझं पत्र वाचून आणखी तीन हजारांनी ती उतरवून घेतली. एकाने तर जाहीर केलं, तुम्ही थकलात, यापुढे ती आम्ही चालवू. तशी परवानगी कोडबरोबर मीच दिलेली. हात दाखवून अवलक्षण.
हिशेब केला. नऊ हजार सहाशे लोकांनी रोज एकदा सुरू केली की तिला दिवसच उरत नाही.

२६ मार्च
आठ हजार. ती जेमतेम चार तास असते. म्हणते, मला फिट येतात बहुतेक, डॉक्टरांना दाखवू. डॉक्टरांनी अकराची वेळ दिली. अकराला ती नव्हती. मी एकटाच बाकावर बसून आलो.
अजून सांगितलेलं नाही.

२८ मार्च
नऊ हजार चारशे. अर्धा तास, तोही तुटक. आज तिने माझी वाढलेली दाढी पाहिली. मला घाबरवतोयस तू, म्हणाली, काय लपवतोयस? मी तोंड उघडलं आणि — गेली.

२९ मार्च
नऊ हजार पाचशे नव्वद. दीड मिनिट.
बोलण्यात वेळ जातो म्हणून मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ठेवलं. थांबा मी काढला. तुझे दिवस चाललेत. आठ दिवस माहीत होतं, भीतीने लपवलं.
आली. वाचलं. माझ्याकडे पाहिलं — रागावली की — पेन्सिल घेतली, लिहायला लागली —
पेन्सिल टेबलावरून घरंगळली.
कागदावर दोनच शब्द. 'मग तू'

३० मार्च
नऊ हजार सहाशे चाळीस. आली नाही.

२ एप्रिल
अकरा हजार. मास्तरांचे फोन — उचलत नाही.
मग तू आधी का नाही सांगितलंस. असंच असणार.
किंवा मग तू जेवतोस कुठे. हेही ती विचारेल. तीच विचारेल.
मग तू एकटा —
नाही. मग तू —