डावा पंख

एल्म्स्टाड, मिनेसोटा
१४ नोव्हेंबर १९८३

चि. लेनोर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर का झाला, याचं कारण आमच्या जेवणाच्या खोलीत आडवं पडलं आहे. माझ्या विमानाचा उजवा पंख. गॅरेजमध्ये इतकी थंडी आहे की राळ वाळायचं नाव घेत नाही, म्हणून पंख घरात घेतला. तो खोलीपेक्षा हातभर लांब निघाला, त्यामुळे त्याचं टोक बैठकीत तुझ्या वहिनीच्या, आर्डिसच्या खुर्चीला टेकतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मंडळी जेवणार कुठे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, स्वयंपाकघरात, उभ्याने. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

विमान घरी बांधतात म्हणजे काय, पेटीतून सुटे भाग येतात का, असं तू विचारलंस. पेटीतून आले ते फक्त नकाशे आणि एक जाड पुस्तक. बाकी सगळं आपलं आपण. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचे, त्यांवर काचेच्या धाग्यांचं कापड पसरायचं आणि त्याला राळ पाजायची. दुसऱ्या दिवशी ते हाडासारखं कडक होतं. एवढंच. पण हे एवढंच करता करता दोन वर्षं गेली. धड तयार आहे, हा पंख होत आला, मग डावा.

कापड उरेब, धाग्यांना तिरपं कापावं लागतं. दर वेळी तुझी आठवण येते. तू शिंपीण, तुझ्या हातून कापड कसं निमूट बसतं, आणि माझ्या हातून त्याला सुरकुत्या पडतात. छत्तीस वर्षं शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

मनगटांवर जरा पुरळ आलं आहे. आर्डिस त्याचा उगाच बाऊ करते. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही, तेव्हा जे काय रागवायचं असेल ते पत्रातच रागव.

तुझा भाऊ,
ऑरिन

●

स्पोकॅन, वॉशिंग्टन
३ डिसेंबर १९८३

ती. ऑरिन यास,
सा. न. वि. वि.

रागवायची परवानगी दिलीस, ते बरं झालं. नसती दिलीस तरी रागावलेच असते.

बाबांनी कोठारात अकरा वर्षं होडी बांधली. ती पाण्याला कधी लागली नाही. शेवटी तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या आणि आई म्हणायची, निदान कोणाला तरी तिचा उपयोग झाला. तुझं पत्र वाचताना आधी हसू आलं आणि मग वाटलं, तुझंही तसंच होवो. विमान पुरं न होवो. त्यात कोंबड्या राहोत. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मी खोटं लिहिणार नाही. माझा नवरा, क्लेम गेल्यापासून माझं म्हणावं असं तू एकटाच उरला आहेस, आणि तू स्वतः चिकटवलेल्या वस्तूत बसून आभाळात जाणार, हे मला ऐकवत नाही.

आर्डिस बिचारीला जेवणाचं टेबल परत दे. आणि पुरळाला बाऊ म्हणू नकोस. डॉक्टरला दाखव.

इकडे नाताळच्या पोशाखांची घाई आहे. बायका वर्षभर केक खातात आणि डिसेंबरात माझ्याकडे येऊन शिवण उसवून मागतात.

तुझी काळजी वाहणारी,
लेनोर

●

एल्म्स्टाड
२० फेब्रुवारी १९८४

चि. लेनोर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी इच्छा पुरी झाली म्हणायची.

उजवा पंख झाला. चांगला झाला. शेवटचा थर बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी उठलो तर डोळे उघडेनात. तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, हातांची कातडी फाटली होती. डॉक्टर म्हणाले की शरीराने राळेशी वैर धरलं आहे आणि हे वैर आता मिटत नाही. पुन्हा ओल्या राळेला हात लावला तर पुढच्या खेपेला श्वास कोंडेल. हातमोजे, मलम, मुखवटा, सगळं विचारून पाहिलं. त्यांनी मान हलवली.

डाव्या पंखाचे फोम कापून भिंतीशी उभे केले आहेत. आर्डिस करते म्हणाली, पण तिची बोटं सांधेदुखीने वळत नाहीत, कात्री धरतानाही तिला त्रास होतो. गावात मदत मागितली. एकजण आला, तासाभराने त्याला बर्फात मासेमारीला जायचं होतं.

विकून टाकावं असं चाललं आहे. अर्धवट विमान घेणारे असतात. काल कोणाशी न बोलता गॅरेजमध्ये धडात जाऊन बसलो होतो. सारखी बाबांची होडी डोळ्यांपुढे येत होती. तू ते गमतीने लिहिलंस हे मला ठाऊक आहे.

ऑरिन

●

स्पोकॅन
२७ फेब्रुवारी १९८४

ती. ऑरिन यास,
सा. न. वि. वि.

मी ते गमतीने लिहिलं नव्हतं. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

लग्नसराईचे पोशाख मेपासून सुरू होतात. तोवर दुकान बंद ठेवता येईल. बारा मार्चच्या गाडीने निघते. तू दाराबाहेर बसून सांगायचंस, मी आत करायचं. पुस्तक वाचून ठेवीन, पण अवघड शब्दांना हसायचं नाही.

तुझं विमान मला आजही आवडत नाही. मी येते आहे ती तू कोणाशी न बोलता बसला होतास म्हणून.

लेनोर

●

स्पोकॅन
९ मे १९८४

ती. ऑरिन यास,
सा. न. वि. वि.

परत येऊन अठरा दिवस झाले. चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं, हे टाकणार आहे.

ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे आधी सांगते. तू स्वयंपाकघरात काचेच्या दाराआड पुस्तक घेऊन बसायचास आणि माझं चुकलं की चमच्याने काच वाजवायचास. आर्डिस म्हणायची, लग्नाआधी असं काच वाजवून मला बोलवायचा, तेव्हा इतका कटकट्या नव्हता. पहिलं कापड सुरकुती न पडता बसलं तेव्हा तू चमचा खाली ठेवलास. मला ते कळलं होतं.

आता ऐक. तुमच्या गावातल्या नेल्स टॉर्गर्सनच्या अंत्यविधीला तुम्ही दोघं गेलात त्या दिवशी मी पंखाच्या कण्यातल्या पट्ट्या बसवत होते. थांबता येत नव्हतं, आधीचा थर ओला होता. राळेचा सतरा नंबरचा कप कालवताना मापाच्या लाकडी तराजूची खीळ निसटली. ती मला बसवता येईना आणि इकडे पट्ट्या कोरड्या पडायला लागल्या. मी राळ कडक करणारं हार्डनर अंदाजाने ओतलं. डोळ्यांनी. तू पहिल्या दिवशी एकच गोष्ट मला तीनदा बजावली होतीस, की अंदाजाने कधीही नाही.

इथवर चूक होती. पुढचं पाप आहे. प्रत्येक कपातली थोडी राळ वाळवून, नंबर घालून खिडकीत ठेवायची तुझी पद्धत. मी सतराचा कप चुलीत टाकला आणि सोळाची उरलेली राळ दुसऱ्या कपात ओतून वर सतरा लिहिलं. तुम्ही आलात तेव्हा तू तो नखाने वाजवून पाहिलास आणि उत्तम म्हणालास. मी कॉफी ओतत होते.

सांगितलं असतं तर सगळा पंख वाया गेला असता. शिवाय वाटलं, तू म्हणशील, हिला हे विमान नकोच होतं, हिने मुद्दाम केलं. तुझ्या मनात तसं एकदा येऊन गेलं असतं, तरी मला ते सहन झालं नसतं. म्हणून गप्प बसले. आता दुकानात नवरीच्या झग्याला टाके घालताना हात थांबतो. तो पंख घेऊन तू वर जाशील आणि तुला ठाऊक नसेल. मला असेल.

वाटेल ते लिही. पण लिही.

लेनोर

●

एल्म्स्टाड
२ जून १९८४

चि. लेनोर हिस,
आशीर्वाद.

पाच दिवस मी गॅरेजकडे फिरकलो नाही. तुझं नाव कोणी काढलं तर उठून बाहेर जात होतो. रागाच्या भरात दोन वाक्यं लिहिली होती, ती आर्डिसने टाकायला म्हणून नेली आणि टाकली नाहीत. आज परत दिली. वाचली. तुला कळू नयेत अशीच होती.

तू मुद्दाम केलंस असं मनात आलं का, तर हो, आलं. एक दुपारभर होतं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. मुद्दाम करणाऱ्याला गप्प बसणं पुरलं असतं.

सहाव्या दिवशी पंख कापायचं ठरवलं. धूळही मला चालत नाही, त्यामुळे करवत आर्डिसने धरली. सांधे दुखत असताना, डोक्याला फडकं बांधून, जेवणाच्या टेबलावर तिने तो आरपार कापला. म्हणाली, दोन वर्षं मला हेच करायचं होतं. इतक्या दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

सतरा नंबरचा भाग कुठे येतो हे तू काढलेल्या खुणांवरून सापडलं. त्यातली पट्टी कापून सुतारी शेगड्याच्या पकडीत आवळली आणि टोकाला वाळूची बादली टांगली. शेजारी उजव्या पंखाच्या वेळची नमुन्याची पट्टी. दोन्ही सारख्याच वाकल्या. वाळू घालत गेलो. दोन्ही जवळजवळ एकाच वजनाला मोडल्या.

म्हणजे पंख चांगला असावा. तुझ्या डोळ्यांनी माप बरोबर धरलं होतं. एका पट्टीवरून सगळ्या कण्याची खात्री देता येत नाही, पण माझं मन मला सांगतं की आम्ही धडधाकट पंख कापला. हे तुला न सांगता ठेवणार होतो, तुला फार लागेल म्हणून. मग वाटलं, आपल्यात आता लपवाछपवी पुरे.

उद्या पुन्हा तसंच घडलं तर मी पुन्हा कापीन. चांगला असावा असं वाटणं वेगळं आणि ठाऊक असणं वेगळं, आणि मी ज्यावर बसून वर जाणार ते ठाऊक असलेलंच हवं.

छत्तीस वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आलो, की काम बिघडलं तर फटीत लांबी भरून झाकू नका, येऊन सांगा. फार थोडे आले. जे आले ते त्याच तासाला आले, कारण मी समोर उभा होतो. तू दीड हजार मैल दूर होतीस, मला कधीही कळलं नसतं, आणि तरी आलीस. त्या दिवसांत मला हे दिसलं नाही. आता दिसतं.

नवे फोम कापून ठेवतो आहे. तार तापवायला मला मनाई नाही, फक्त खिडकी उघडी ठेवायची. लग्नसराई आटोपली की ये. तराजूची खीळ पितळेची केली आहे.

तुझा भाऊ,
ऑरिन

●

स्पोकॅन
११ जून १९८४

ती. ऑरिन यास,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं. समोर एक गिऱ्हाईक टाचण्या लावलेल्या झग्यात उभी होती. ती म्हणाली, वाईट बातमी आहे का. मी नाही म्हटलं आणि तिला तशीच उभी ठेवून मागच्या खोलीत जाऊन आले.

एक सप्टेंबरला पोचते. या वेळी प्रत्येक कप ओतताना तू काचेतून पाहायचंस. अंत्यविधी कोणाचाही असो.

लेनोर

●

एल्म्स्टाड
१९ ऑगस्ट १९८५

प्रिय लेनोर हिस,
स. न. वि. वि.

या खेपेला पत्र माझं आहे, कारण ऑरिनला लिहायला बसवलं तर तो तीन ओळींवर उठतो आणि गॅरेजमध्ये जातो. शनिवारी विमान उडालं.

सकाळी वारा नव्हता. तपासनीस आदल्या आठवड्यात येऊन सगळं पाहून गेला होता. तुझ्या पंखावर बोट फिरवून त्याने विचारलं, की हे कापड कोणी बसवलं. ऑरिन म्हणाला, आमच्या घरी शिंपीण आहे.

मी पाहणार नाही असं ठरवलं होतं. सकाळपासून रूबार्बच्या गोड पाय-पेस्ट्रीचं पीठ मळत होते. शेवटी ॲप्रन तसाच बांधून धावपट्टीशी गेले. ऑरिन आत एवढासा दिसत होता. खरं सांगते, विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंच नाही, डाव्या पंखाकडे बघत राहिले. तो जरासा वर वाकला आणि तसाच राहिला. ऑरिनने मला सांगून ठेवलं होतं की तो वाकायलाच हवा, तरी मी त्याच्यावरची नजर काढली नाही. गावावरून दोन फेऱ्या मारून वीस मिनिटांनी तो उतरला. खाली आल्यावर बराच वेळ पट्टे सोडेना. मी जवळ गेले तर डोळे पुसत होता. राळेची ॲलर्जी म्हणाला. मी बरं म्हटलं.

पहिले चाळीस तास त्याला एकट्यानेच उडवायचं आहे, तसा नियम आहे. त्यानंतर मागच्या जागेवर एक माणूस बसू शकतो. मला वाटलं, तो मान माझा. तर आमच्या साहेबांनी सांगितलं, की पहिली लेनोर. मला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं झालं. तू बसशील असं मला वाटत नाही आणि तसं मी त्याला सांगितलंही आहे. पण मागे कोण बसणार त्याचं नेमकं वजन त्याला तोलाच्या कागदावर मांडावं लागतं, आणि बाईमाणसाला वजन विचारायची त्याची हिंमत नाही. म्हणून मी विचारते. नको असेल तर या प्रश्नाचं उत्तर देऊ नकोस, तो काय ते समजेल.

टेबल मला परत मिळालं आहे. त्यावर राळेचे डाग आहेत. पुसणार नाही.

तुझी वहिनी,
आर्डिस

●

स्पोकॅन
२६ ऑगस्ट १९८५

ती. ऑरिन व सौ. आर्डिस यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून खाली बसले आणि पुन्हा वाचलं.

माझ्या गाडीच्या परवान्यावर एकशे अठ्ठावीस पौंड लिहिलं आहे. ते क्लेमशी लग्न झालं त्या वर्षीचं वजन. तेव्हापासून मी डॉक्टर सोडून कोणालाही वेगळं सांगितलेलं नाही.

काल धान्याच्या दुकानात जाऊन पोत्यांच्या काट्यावर उभी राहिले. बुटांसकट एकशे एकाहत्तर. तेच मांड.

लेनोर