आयडाहोचा अर्थ

११ जून १९९०

शताब्दी समितीच्या थेल्डाबाई आल्या होत्या, हिरवी जेली घेऊन. राज्याच्या शंभरीनिमित्त चौकात दगड बसवायचाय, त्यावर ‘आयडाहो’चा अर्थ कोरायचा. कोणता, असं मी विचारल्यावर बाई गडबडल्या. बिचाऱ्या काय करणार? दरवर्षी जत्रेत बाबांना मंचावर चढवतात, ‘तुमच्या भाषेत याचा अर्थ काय?’ म्हणून विचारतात, आणि बाबा दरवर्षी नवा अर्थ सांगतात. पर्वतांचं रत्न. डोंगरावरून उतरणारं ऊन. उठा, उजाडलं. एका दुष्काळी वर्षी ‘पाऊस वाटेवर आहे’! प्रत्येक अर्थावर बाईंनी एकेक कडवं रचलंय. सव्वीस झाली. आज सगळी वाचून दाखवली. बाबा अकराव्याला घोरायला लागले.

१२ जून

मी काम करते त्या वाचनालयाच्याच कपाटातलं एक पुस्तक पुन्हा काढलं. त्यात म्हटलंय, हा शब्द बहुधा शोशोनी, म्हणजे इथल्या आम्हा मूळ रहिवाशांच्या भाषेतला, नाहीच. वॉशिंग्टनमधल्या कुणा खटपट्याने आपल्या डोक्यातून काढला. आणि गाव विचारतंय आम्हा शोशोनींना! बाबांना म्हटलं, का थापा मारता? तर म्हणाले, “लोकांना अर्थ हवा असतो, पोरी. रिकाम्या हाती कसं पाठवायचं?” तीस वर्षं बटाट्याच्या गोदामात पोती उचलली, त्यांना सगळे टोळीचे ‘सरदार’ म्हणतात. बाबांचं एक वेळ सोडा — उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ऐकणारे इतके भोळे कसे?

खरं धन माझ्याकडे आहे. रोज जेवण झालं की बाबा मला आपल्या भाषेतला एक शब्द देतात, मी वहीत उतरवते. दोनशे बारा झाले, सगळे तोंडपाठ. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. बाबा गेले की या घरातली भाषा गेली. फार भीती वाटते मला त्याची.

१७ जून

समितीची बैठक, तीन तास! बँकवाल्यांना ‘रत्न’ हवं, बिशपसाहेबांना ‘ऊन’. बटाटेवाल्यांचं म्हणणं, अर्थामध्ये बटाटा कुठेतरी यावा. शेवटी पाच विरुद्ध चार — रत्न. हात वर करून शब्दाचा अर्थ ठरतो हे मला नवीन. मग सगळ्यांनी जेली खाल्ली.

२३ जून

फोर्ट हॉलला, शोशोनींच्या राखीव वस्तीवर, एमलिन आत्याकडे गेले. बाबांची चुलत बहीण, सगळा जन्म वस्तीवरच गेला तिचा. वही तिथल्या शाळेला द्यायचीय, त्याआधी तिने एकदा ऐकावी एवढंच मनात होतं. मी तोऱ्यात वाचत सुटले. आत्या हसायला लागली. चष्मा काढून डोळे पुसले.

“यातले चार आपले,” ती म्हणाली. “त्यातल्या तीन शिव्या.”

सहाव्या वर्षी बाबांना घरापासून दूर, सरकारी निवासी शाळेत नेलं. तिथे आपली भाषा तोंडातून निघाली की तोंडात साबण. परत आले तेव्हा बोलतच नव्हते. घरच्यांना वाटलं, पोरगा मुका झाला. हे सांगताना आत्या माझ्याकडे बघत नव्हती.

आणि मी थेल्डाबाईंना हसत होते!

२४ जून

जेवणानंतर बाबांनी शब्द दिला. मी लिहून घेतला.

३ जुलै

दगडावरचं कापड निघालं. रत्न! सत्ताविसावं कडवं झालं. बाबांनी हात जोडून डोळे मिटले, तशा बायका रडल्या.

घरी येताना गाडीत म्हणाले, “एमलिनचा फोन आला होता.”

मी गाडी चालवत राहिले.

“रोज वही घेऊन समोर बसायचीस. नाही कसं म्हणणार होतो मी?” मग म्हणाले, “तुला न दिलेला एक शब्द मात्र खरा आहे. शाळेची गाडी निघाली तेव्हा आई मागून ओरडत होती, तो. अर्थ नाही माहीत. आशीर्वाद असेल काहीतरी.”

आणि तो शब्द त्यांनी उच्चारला. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा, म्हणाले. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

५ जुलै

आत्याला फोन करून शब्द ऐकवला. तिने लगेच सांगितलं. बाबा ओट्याच्या पायरीवर बसले होते, त्यांना जाऊन अर्थ सांगितला — ‘टोपी घाल’.

ते उठले. आत गेले, खुंटीवरची टोपी घातली, आणि परत येऊन बसले. जेवतानाही काढली नाही.