वेंडेलची शेवेल

फिनिक्स, ॲरिझोना

प्रिय बाबा,

मी सुखरूप पोचलो. इथली हवा इतकी कोरडी की गाड्यांना गंज म्हणून चढत नाही. तुमचं छातीत दुखायचं थांबलं का?

तुमची डॉज चार्जर गाडी लिलावात चांगल्या भावाने गेली, तेव्हा ऑपरेशनची काळजी सोडा. वेंडेलच्या शेवेलपुढे ती पळायला म्हैसच, पण इंजिनावरचा नंबर चासीवरच्या नंबराशी जुळला, म्हणजे इंजिन मूळचंच ठरलं, आणि लोकांचे हात भराभर वर गेले.

शेवेलचं मात्र जमलं नाही. शर्यतीसाठी वेंडेलने मूळचं इंजिन काढून मोठं घातलेलं. जुन्या गाड्या जमवणारा एक म्हातारा म्हणाला, "पळते झकास, पण ही आता मूळची राहिली नाही. दारं आणि बंपर तेवढे काढून घेतो."

मी म्हटलं, "भावाची गाडी आहे. सुटी करून विकायची नाही."

म्हणून ती चालवतच घरी आणतोय. आईला आधी सांगून ठेवा. वेंडेलला पुरून अजून वर्षही झालं नाही. कोपऱ्यावर त्या इंजिनाचा आवाज आला की ती त्याचं जेवण गरम करायला उठेल.

तुमचा,
कर्टिस